संपाच्या दिवशी उघडं राहिलेलं पोस्ट

मु. पो. बाभूळदरा, ता. कंधार
राखीनंतरचा मंगळवार

आदरणीय ईश्वरप्पा अण्णांच्या चरणी शिवशंकरचे शरणु शरणार्थी.

तुमची, वहिनींची आणि शिवांगीची खुशाली कळावी. आडतीवर तुरीची आवक कशी आहे, वहिनींची कंबर काय म्हणते, शिवांगीला क्लासवाले जेवायला तरी सोडतात का, हे सगळं मनापासून विचारून राहिलो. तुम्ही उत्तर पत्रानं देणार नाही, फोनच करणार, आणि फोन तुमची बहीण उचलणार. तेव्हा खुशाली तिलाच सांगा, मला पोचेल. बाकीचं मात्र तिला सांगू नका.

तुम्ही म्हणाल, दाजींच्या हातात मोबाइल असून पत्र कसलं. अण्णा, माझं घर तुम्ही पाहिलेलं आहे. पुढच्या खोलीत पोस्ट, मागच्या खोलीत संसार, मध्ये वहिनींनी दिलेला निळा पडदा. मागं बोललेलं पुढं तिकीट घ्यायला आलेल्याला ऐकू जातं आणि पुढं बोललेलं चुलीपाशी. अशा घरात गुपित ठेवायचं तर लिहूनच ठेवावं लागतं.

आधी माझ्या नोकरीविषयी दोन शब्द, कारण तुमच्या घरात त्याबद्दल लग्न जमलं तेव्हापासून एक समजूत चालत आली आहे. सोयरीक घेऊन आलेल्या गुरुबसप्पा मामांनी तुम्हाला सांगितलं की मुलगा सरकारी नोकरीत आहे. मी त्याच बैठकीत म्हणालो होतो की मामा, पुरती सरकारी नाही. सगळे हसले, मुलगा नम्र आहे म्हणाले, आणि सुपारी फुटली. त्यानंतर मी दर दिवाळीला हेच सांगून राहिलो आणि दर दिवाळीला माझी नम्रता वाढत चालली आहे असं तुमच्याकडं समजतात. तर परत सांगतो. मी ग्रामीण डाक सेवक, आमच्या शाखेचा डाकपाल. शिक्का खात्याचा मारतो, तपासणी खात्याची सोसतो, शिव्या खात्याच्या वतीनं खातो, पण खात्याच्या कायम नोकरांच्या यादीत माझं नाव नाही. मला पगार नसतो, भत्ता असतो. पेन्शन नाही. ही नोकरी लागायला अट अशी होती की या नोकरीवर तुमचं पोट नसावं, दुसरं उत्पन्न असावं. (पोट नसलेला माणूस नोकरी मागायला कशाला जाईल, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही.) पोस्टाला जागा आपणच द्यायची. रजा पाहिजे तर आपल्या खुर्चीत बसणारा माणूस, म्हणजे बदली, तोही आपणच द्यायचा आणि त्यानं काही घोळ घातला तर आपणच निस्तरायचा. कामाचे तास कागदावर चार-पाच. आता एखादी म्हातारी दुपारी टळटळीत उन्हातून आली, तर तास संपले म्हणून तिला माझ्याच घराच्या उंबऱ्यावरून माघारी कसं धाडायचं? आधी पाणी द्यावं लागतं, पाण्यानंतर काम करावंच लागतं.

आमच्याकडं बदली माणूस म्हणजे मंजुश्री. तुमच्याकडं लातूरला राहून माझं अपेंडिक्स काढलं, त्या वेळी रीतसर मंजुरी घेऊन ती खुर्चीत बसली. मी बरा होऊन परत आलो, पण ती खुर्चीतून पुरती उठली असं काही झालं नाही. मी टपाल वाटायला वस्तीवर गेलो की ती बसते. पेरणीला गेलो की ती बसते. संघटनेच्या बैठकीला गेलो की ती बसते. (संघटनेच्या बैठका वाढल्या आहेत, त्याला इलाज नाही, मी तालुक्याचा उपाध्यक्ष आहे.) मशीनचा पासवर्ड दर थोड्या दिवसांनी बदलावा लागतो. मी विसरतो, ती विसरत नाही. हे सगळं मंजुरीशिवाय चालतं. खात्याच्या भाषेत अशा वेळी तुमची बहीण ही परका इसम असते, आणि परक्या इसमाच्या हाती टपाल आणि रोकड दिली तर माझी नोकरी जाते. चौकशी होईपर्यंत घरी बसवतात, आणि माझं तर पोस्टच घरी आहे.

आता संपाची हकिकत ऐका. राखीच्या आदल्या आठवड्यात आमच्या संघटनेनं एक दिवसाचा संप पुकारला. मागण्या साध्या होत्या. जेवढं काम करतो तेवढे तास मोजा, आम्हाला खात्याचे नोकर म्हणा, म्हातारपणाला पेन्शन द्या. आमच्या तालुक्याचा सचिव भुजंग, तिकडं डोंगरपट्ट्यातल्या शाखेचा डाकपाल. आवाज असा की त्याला माईक दिला तर मंडपवाला घाबरतो. त्यानं फ्लेक्स छापून आणले आणि त्यावर फोटो टाकला आमच्या ग्यानोबाचा.

ग्यानोबा तुम्हाला आठवत असेल, कवा आलात तर पोस्टाच्या पायरीवर बसलेला दिसतो तो. ऐन जवानीपासून पासष्ट वर्षांचा होईस्तोवर त्यानं आमच्या गावची थैली सायकलवर कंधारला नेली आणि कंधारची आणली. ओढ्याला पाणी आलं की थैली डोक्यावर आणि सायकल खांद्यावर. सुटला त्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, थोडीफार एकरकमी रक्कम हातात पडली ती सुनेच्या बाळंतपणात गेली. पेन्शन नाही. रोज सकाळी येतो, पायरीवर बसतो, थैली आली का म्हणून विचारतो आणि आली म्हटलं की घरी जातो. अण्णा, मला या माणसाकडं बघवत नाही. तो समोर बसला की मला वाटतं, मी अजून काही वर्षांनी कुठं बसणार ते मला रोज दाखवून जातो. पायरी तर माझ्याच घराची आहे, तेवढीच सोय.

संपाच्या दिवशी सकाळी एक अडचण लक्षात आली, जी साऱ्या भारतात फक्त आमच्याच जातीच्या नोकरांना येत असेल. संप म्हणजे पोस्टाला कुलूप लावायचं. आमच्या घराला रस्त्याकडं एकच दार, आणि ते पोस्टाचं. मागं शेजाऱ्याची भिंत. म्हणजे पोस्टाला कुलूप लावायचं तर बायकोला आत कोंडायचं. कामगारांच्या हक्कासाठी निघालेला माणूस घरच्या बाईला कोंडून गेला असं गावात झालं असतं. म्हणून मी कुलूप लावलं नाही. पाटीवर ग्यानोबाच्या फोटोचा फ्लेक्स लटकवला, तो खाली दारापर्यंत आला, आणि मंजुश्रीला बजावलं की आज पोस्ट बंद आहे. तिनं हाव म्हणून मान डोलावली. मी नांदेडची बस धरली.

नांदेडला मंडप भरला होता. देगलूरपासून माहूरपर्यंतची माणसं आली होती. मला हार घातला. (हार मला एकट्यालाच घातला असं नाही, उपाध्यक्षांपर्यंत सगळ्यांना होता.) माझ्या भाषणाची वेळ आली. अण्णा, मी बरा बोललो. ग्यानोबाची गोष्ट सांगितली तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाया डोळ्याला पदर लावत होत्या. मग मला जरा चढलं. मी म्हणालो, आज जिल्ह्यातली एकसुद्धा शाखा उघडी नाही, असेल तर कुणीही दाखवावी.

एवढ्यात मंडपातले मोबाइल वाजायला लागले. एकाचा वाजला, मग चौघांचा, मग सगळ्यांचा. खात्याच्या ग्रुपवर वरच्या साहेबांचा निरोप आला होता. संपाच्या काळातही जनतेची अखंड सेवा करणारी जिल्ह्यातली एकमेव शाखा, बाभूळदरा. शाखा डाकपालांचं हार्दिक अभिनंदन. खाली टाळ्या वाजवणारे हात. भुजंगानं ते वाचलं, माझ्याकडं बघितलं, परत वाचलं. माईक माझ्या हातातच होता. मी जय हिंद म्हणून खाली बसलो.

घरी काय झालं ते नंतर कळलं. संप फक्त आम्हा ग्रामीण सेवकांचा, कंधारचं मोठं पोस्ट चालू होतं. आजूबाजूच्या गावांतल्या शाखा बंद, आणि राख्या पाठवायचा तो शेवटचा दिवस. त्यानंतर टाकली तर पुण्याच्या भावाला राखी सण झाल्यावर मिळणार. आधी आमच्या गल्लीतल्या लक्ष्मीबाई आल्या. त्यांनी फ्लेक्स पडद्यासारखा बाजूला सारला आणि आत आल्या. मंजुश्रीनं सांगितलं, पोस्ट बंद आहे. लक्ष्मीबाई म्हणाल्या, बंद कुठं हाय, तू तर बसलीस की. हे चूक नव्हतं, कारण ती तूर निवडत माझ्याच टेबलाशी बसली होती, मागच्या खोलीत उजेड कमी पडतो. लक्ष्मीबाईंचा भाऊ सैन्यात आहे. मंजुश्रीनं एक राखी घेतली आणि मशीनवर नोंदली, ती नोंद तिथल्या तिथं वरच्या साहेबांना दिसते. मग ही बातमी शेजारच्या गावांत गेली आणि बाया टमटम भरून आल्या. एकीची घेतली, दुसरीची कशी नाकारायची? त्यात तिनं स्वतःची, तुमच्यासाठीची राखीही टाकली. ती तुम्हाला वेळेवर मिळाली असेल. म्हणजे हा संप फोडण्यात तुमचाही हात आहे अण्णा, निदान मनगट तरी.

शेवटी थैली भरली. ती कंधारला न्यायची कुणी? आमचा थैलीवाला नांदेडला माझ्याच शेजारी बसून घोषणा देत होता. पायरीवर ग्यानोबा होता. त्यानं काही न विचारता थैली खांद्यावर घेतली आणि स्वतःच्याच फोटोखालून वाकून बाहेर पडला. काळी-पिवळी जीपमध्ये बसून कंधारला गेला, थैली दिली, पोचपावती आणली. ज्याच्या पेन्शनसाठी जिल्हा मंडपात बसला होता त्या माणसानं संप मोडला. मी दुसऱ्या दिवशी त्याला जरा बोललो. तो शांतपणे म्हणाला, मालक, नोकरी हाय त्यानं संप करावा, मी सुटलेला माणूस, माझा कशाचा संप? मग म्हणाला, लई दिवसांनी खांद्याला थैली लागली, बरं वाटलं.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा मी संतापलेलो होतो, ते लपवत नाही. मंजुश्री दमली होती आणि खुशीत होती, मला भाकरी वाढून दिवसभराचं सांगायला लागली. मी म्हणालो, तुला बंद ठेव म्हणून सांगितलं होतं. ती म्हणाली, पोस्ट बंद ठेव म्हणालात, मी कुठं बसू ते कुठं सांगितलं? मी म्हणालो, आम्ही हक्कासाठी भांडून राहिलो आणि तू घरातूनच त्यावर पाणी ओतलंस. त्यावर तिनं विचारलं, तुमच्या मागण्या काय काय आहेत ते सांगा बरं. मी सांगितल्या. भाषण ताजं होतं, तोंडपाठ होतं. काम करतो तेवढे तास मोजा. करणाऱ्याला नोकर म्हणा. म्हातारपणाची सोय करा. ती म्हणाली, ह्या माझ्याही हायत की. आणि ताट उचलून आत गेली.

अण्णा, तिचं खरं आहे. मी खात्याला म्हणतो की आमच्या खांद्यावर खातं चालतं आणि आमचं नाव कुठं नाही. माझं पोस्ट तिच्या खांद्यावर चालतं आणि तिचं नाव तर भत्त्याच्या यादीतही नाही. खात्याला निदान निवेदन देता येतं, त्यावर आवक क्रमांक पडतो. तिनं निवेदन कुणाला द्यायचं? मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं. ते तिला सांगावं असं रोज ठरवतो, पण मध्ये पडदा आहे आणि पुढं कोणीतरी तिकिटाला उभं असतं.

आता माझं संकट. येत्या रविवारी कंधारला संघटनेची बैठक आहे. मी गद्दार आहे की नाही हा त्यातला एकच विषय. भुजंगानं निरोप दिला आहे की खुलासा तयार ठेवा. आणि सोमवारी नांदेडला खात्याचा कार्यक्रम, त्यात संपाच्या दिवशी सेवा बजावल्याबद्दल मला प्रशस्तिपत्र. रविवारी खरं सांगितलं, की मी मंडपात होतो आणि पोस्ट बायकोनं उघडलं, तर माझी इज्जत वाचते, पण ही बातमी सोमवारपर्यंत साहेबांच्या कानावर जाते आणि परक्या इसमाच्या कलमाखाली नोकरी जाते. खोटं सांगितलं, की मीच परत येऊन पोस्ट उघडलं, तर नोकरी वाचते, पण ज्या माणसांत उठबस केली त्यांच्यात परत तोंड दाखवता येणार नाही. भाषण देताना मला साऱ्या मंडपानं पाहिलं आहे, तेव्हा ते खोटं टिकेलसंही वाटत नाही. कायम नोकर असतो तर सस्पेंड झालो तरी अर्धा पगार आणि चार नियम पाठीशी असते. आमच्या पाठीशी भिंत आहे, तीही शेजाऱ्याची.

बाकी सगळं ठीक. पाऊसपाणी बरं आहे, सोयाबीन फुलावर आहे. वहिनींना नमस्कार, शिवांगीला आशीर्वाद. मोठ्यांनी लहानाचं बोलणं पोटात घालावं.

तुमचा
शिवशंकर

ता.क. एक काम होतं, ते वर लिहायचं राहून गेलं. (खरं तर पत्र त्याच्यासाठीच आहे.) मंजुश्रीनं ठरवलं आहे की सोमवारी नांदेडला ती येणार आणि सगळ्यांसमोर सांगणार की काम मी केलं, कागद माझ्या नावानं द्या. तिचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणत नाही. पण ती बोलली की माझी नोकरी त्याच मंडपात संपली. तेव्हा शनिवारच्या आत तुम्ही तिला आठ दिवस लातूरला बोलवून घ्यावं. साधं बोलावून ती येणार नाही. सोमवारी घरी महास्वामींची पाद्यपूजा आहे असं सांगा. स्वामींचं नाव खोट्यासाठी घेतल्याचं पाप माझ्याकडं.

ता.क. दुसरा. हे पत्र मिळाल्याचं फोनवर बोलू नका. नुसतं, तुरीचा भाव वाढला, एवढं म्हणा. मी समजेन.

अण्णा, मी मंजुश्री. खाली जागा होती म्हणून लिहिते. यांनी पाकीट नेहमीप्रमाणं चिकटवायला माझ्याकडंच दिलं. मी वाचणार नव्हते, पण तुमचं नाव दिसलं म्हणून वाचलं. यांना वाईट वाटतं ते मला पडद्याच्या अलीकडंही कळत होतं, पण लिहिलेलं वाचून बरं वाटलं.

पाद्यपूजेचं काही सांगू नका, मी येत न्हाई. यांना माहीत न्हाई अशी एक गोष्ट सांगते. त्या दिवशी आमचं एकट्याचंच पोस्ट उघडं होतं असं न्हाई. भुजंग भावोजींच्या पुनमनं आतून कडी लावून खिडकीतून राख्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशीचे शिक्के मारून पहाटेच्या पहिल्याच गाडीनं धाडल्या. पलीकडच्या गावात रुद्राणीनं तेच केलं. तिकडं मंडपात सगळे नवरे, इकडं पोस्टात सगळ्या बायका. मी तेवढी त्याच दिवशी मशीनवर नोंद केली आणि त्याच दिवशीचा शिक्का मारला, म्हणून आमचं नाव झालं. मी सगळ्यांना फोन केले. आधी घाबरल्या. मी म्हणाले, एकीनं सांगितलं तर एका घरची नोकरी जाते, सगळ्यांनी एका टायमाला सांगितलं तर साहेब किती पोस्टं बंद करतील? रविवारच्या बैठकीला आम्हीच जाणार. सोमवारी नांदेडला पण आम्ही सगळ्या जाणार, आणि कागद नको म्हणणार. आमची नावं लिहून घ्या म्हणणार.

भीती मलाही हाय अण्णा. यांची नोकरी गेली तर दोन एकरावर भागायचं न्हाई, मला समजतं. पण लपून काम करायचा मला कंटाळा आलाय.

यांनाही मी सोबत नेणार हाय, भाषण त्यांना चांगलं येतं. म्हणजे सोमवारी पोस्टात बसायला माणूस लागंल. पाद्यपूजेऐवजी तुम्ही रविवारच्या मुक्कामी गाडीनं या. काम अवघड न्हाई, पासवर्ड मी सांगते, दुपारी म्हाताऱ्या बाया येतील त्यांना आधी पाणी द्या. आडत एक दिवस बंद ठेवता येते, पोस्ट येत न्हाई. पगाराचं मात्र विचारू नका, बदली माणसाला या घरात अजून कुणी दिला न्हाई.